कोल्हापुरातला घरचा नाताळ: रीती, फराळ आणि भेटवस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ संपत आला की हे प्रश्न यायला लागतात आणि २४ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत थांबत नाहीत. काही ख्रिस्ती घरांतून येतात, काही शेजाऱ्यांकडून, तर काही नुकतंच लग्न होऊन वेगळ्या घरी गेलेल्यांकडून. एकच उत्तर दोनदा लिहिलेलं नाही. जिथे गरज पडली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तयारी नक्की कधीपासून धरायची? २० डिसेंबरला सुरुवात केली तर जमतं का?

जमतं, पण मग केक विकतचा आणि चांदणी प्लास्टिकची. चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळची चाहूल चार रविवार आधी लागते. त्याला आगमनकाळ म्हणतात. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान येतो. नाताळचा शेवट ६ जानेवारीला, मागी लोकांच्या (पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी पुरुषांच्या) भेटीच्या सणाने.

घरचं वेळापत्रक त्यावरच बसवावं. नोव्हेंबरच्या मध्यात परदेशी पार्सलं, महिनाअखेरीला केकचा सुकामेवा भिजत, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चांदणी, १० ते १५ च्या दरम्यान केक, १५ ला गव्हाची पेरणी (प्रश्न ६), १८ ते २२ फराळ आणि २२ ला मटणाची आगाऊ मागणी.

२. आगमनकाळाच्या मेणबत्त्या घरी कशा लावायच्या? त्या रोवायचं हिरव्या पानांचं कडं इथे मिळत नाही.

कड्याची गरज नाही. पितळी किंवा स्टीलची परात घ्या, तळाला दोन बोटं धुतलेली वाळू पसरा आणि तीत चार मेणबत्त्या गोलाकार रोवा. तीन जांभळ्या, एक गुलाबी. मधोमध एक पांढरी, ती नाताळच्या दिवशी पेटवायची. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन असं वाढवत जायचं. गुलाबी तिसऱ्या रविवारी. भोवती आंब्याचे किंवा अशोकाचे टाळे ठेवले तरी शोभतं. फक्त ते ज्योतीपासून वीतभर लांब हवेत, कारण आठवड्याभरात पानं वाळून कडकडीत झालेली असतात.

पहिली मेणबत्ती चारही रविवारी जळते. ती निम्म्यातच संपली अशी तक्रार दरवर्षी येते. चारही मेणबत्त्या सारख्या उंचीच्या, निदान २० सेंटिमीटरच्या घ्या आणि प्रार्थना व एक गीत होईतो, म्हणजे दहा-पंधरा मिनिटंच पेटत्या ठेवा.

३. आमच्या मंडळीत (चर्चच्या समुदायात) हे काहीच करत नाहीत. मग खरी रीत कुठली?

कोल्हापुरात अमेरिकन मिशनऱ्यांचं काम १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांच्या येण्यापासून सुरू झालं. वाइल्डर मेमोरियल चर्चच्या नावात तेच आहेत. त्या वळणाच्या प्रॉटेस्टंट घरांत भर असतो उपासनेवर, भजनांवर आणि फराळावर. गोठा (येशूजन्माचा देखावा), मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिक उपासना), आगमनाच्या मेणबत्त्या या कॅथलिक घरांत अधिक रुजलेल्या. आता दोन्हीकडच्या गोष्टी एकमेकांत मिसळल्या आहेत. आपल्या आजीने काय केलं ते आधी विचारा आणि मग हवं ते जोडा. मात्र एका वर्षी पाच नव्या रीती सुरू केल्या तर पुढच्या वर्षी त्यातली एकही उरत नाही. एक घ्या.

४. कागदी चांदणी घरी करायची आहे. मापं सांगा.

दोन फुटी चांदणीला बांबूच्या ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या आणि १२ सेंटिमीटरचे ५ आखूड तुकडे लागतात. कामट्या आदल्या रात्री पाण्यात भिजवा, म्हणजे बांधताना फाटत नाहीत.

पाच कामट्यांचा एक तारा करा. एकीवरून, दुसरीखालून असं गुंफत टोकं दोऱ्याने बांधायची. असाच दुसरा तारा करा. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं एकत्र बांधा. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी आखूड तुकडे आडवे बसवा. चांदणी फुगते ती यानेच. हे तुकडे टोकाजवळ बसवले की आकार वाकडा होतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.

पतंगी कागद पुढून एक अखंड तारा, मागून एक आणि कडेचे १० निमुळते त्रिकोण असा लावायचा. दोन चमचे मैदा एका वाटी पाण्यात शिजवून केलेली खळ पुरते. कागद ताणून लावू नका. खळ वाळली की तो आपोआप ताणला जातो, आणि आधीच ताणलेला असेल तर रात्रीतून फाटतो. कडेचा एक त्रिकोण उघडा ठेवा, बल्ब बदलायला आणि हवा खेळायला. आत ५ ते ७ वॉटचा एलईडी लावा. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब कागदाला टेकला तर चांदणी पेटते. वजन वायरवर येऊ देऊ नका. टांगायला वेगळी सुतळी हवी.

५. दिवाळीचा आकाशकंदील नाताळपर्यंत तसाच ठेवला तर चालेल का?

चालतो की. कोल्हापुरात कितीतरी घरांत तो तुळशीच्या लग्नानंतरही लटकतच असतो. पण उन्हाने कागद विटलेला असतो. सांगाडा ठेवून कागद तेवढा नवा लावा. षटकोनी कंदिलाच्या सांगाड्यावर पाचकोनी चांदणी होत नाही, त्या फंदात पडू नका.

६. गोठा कसा करायचा? मुलांना त्यात घ्यायचं आहे.

दिवाळीत ज्या पोरांनी अंगणात किल्ला केला त्यांना गोठा शिकवावा लागत नाही. तेच दगड, तीच माती, तेच पोतं. किल्ल्याचा उतार उंच असतो, गोठ्याला मात्र सपाट जागा हवी. साधारण ६० बाय ४५ सेंटिमीटरचा पाट किंवा खोक्याचं झाकण घ्या. मागे पोतं मातीत बुडवून उभं करा, पुढे गवताने शाकारलेलं छप्पर.

हिरवळ हवी असेल तर हिशेब असा: डिसेंबरच्या थंडीत गहू बोटभर उंच व्हायला ८ ते १० दिवस लागतात, अळीव ४ ते ५ दिवसांत उगवतं. म्हणून गहू १५ ला, अळीव १९-२० ला. गहू रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून मग पेरायचा. पाणी ओतायचं नाही, शिंपडायचं. ओतलं की बी एका कडेला वाहून जातं आणि राहिलेल्याला बुरशी धरते.

मूर्ती शाडूच्या हव्या असतील तर शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पात नोव्हेंबरातच विचारा. गणपतीनंतर कारागिरांना थोडी उसंत असते. प्रमाण सांगताना योसेफाची (मरीयेच्या नवऱ्याची) उंची सांगा, म्हणजे मेंढरं त्याच्या खांद्याएवढी होऊन येत नाहीत.

बाळ येशूची मूर्ती २४ च्या रात्रीपर्यंत गव्हाणीत ठेवत नाहीत. ती घरातल्या सगळ्यांत लहान मुलाच्या हातून ठेवायची. मागी लोक दूर, खिडकीत किंवा कपाटावर उभे करून रोज थोडे पुढे सरकवायचे, ते ६ जानेवारीला पोहोचतात. मुलांना याचीच गंमत जास्त वाटते. गोठा मांडण्याची ही परंपरा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी मांडलेल्या देखाव्यापर्यंत मागे जाते.

७. झाड खरं आणावं की प्लास्टिकचं?

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून मिळतं ते बहुधा अरोकेरिया. कुंडीतलं दोन-तीन फुटी झाड घेतलं तर अनेक वर्षं चालतं. त्याचा शेंडा कधीही छाटू नका. पुन्हा सरळ वाढत नाही. आठ-दहा दिवस घरात, खिडकीजवळ, मग परत बाहेर अर्धसावलीत. एकदम कडक उन्हात नेलं तर पानं तपकिरी पडतात. फांद्या नाजूक असतात, काचेचे जड गोळे लटकवू नका. पाणी वरची माती कोरडी झाल्यावरच.

सुरूची फांदी तोडून आणायची पद्धतही आहे. ती ओल्या वाळूच्या बादलीत रोवली तर आठवडाभर टिकते, नंतर काड्या गळायला लागतात. रस्त्याकडेच्या झाडाची तोडू नका, शेतमालकाला विचारून आणा.

८. केकचं नेमकं प्रमाण द्या. ओव्हन लहान आहे.

८ इंची (२० सेंटिमीटर) गोल, तीन इंच उंच डब्यासाठी:

सुकामेवा ४५० ग्रॅम (काळे मनुके, बेदाणे, बिया काढलेला खजूर, संत्र्याच्या सालीचा मुरांबा, चेरी), त्यात १५० मिली रम, काजू-बदाम ७५ ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, अंडी ४, मैदा २२० ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण चमचा, दालचिनी, लवंग, जायफळ, सुंठ यांची पूड मिळून दीड चमचा, चिमूटभर मीठ. रंगासाठी कॅरमल: १०० ग्रॅम साखर जाड बुडाच्या भांड्यात तांबूस-काळपट होईतो वितळवा, आच बंद करा आणि अर्धी वाटी गरम पाणी हात लांब ठेवून घाला. वाफ जोरात उसळते. मुलांना तेव्हा ओट्यापाशी उभं करू नका.

लोणी-साखर फेसून घ्या. अंडी एकेक करून घाला. ती फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवलेली हवीत, नाहीतर मिश्रण फाटतं. मग गार झालेलं कॅरमल आणि चाळलेला मैदा. शेवटी निथळलेला मेवा दोन चमचे मैद्यात घोळवून. डब्याला आतून बटर पेपर आणि बाहेरून वर्तमानपत्राची दुहेरी पट्टी बांधा. १५० अंशांवर साधारण ९० मिनिटं. ७५ मिनिटांनंतर काडी घालून बघायला सुरुवात करा.

गुळाचा केक करायचा असेल तर साखरेइतकाच गूळ किसून, दोन-तीन चमचे कोमट पाण्यात विरघळवून, गाळून घ्या आणि पाव चमचा खाण्याचा सोडा वाढवा. चिकीचा गूळ घेऊ नका, केक चिवट होतो.

ओव्हन नसेल तर कुकर चालतो. तळाला दोन वाट्या मीठ, त्यावर कडं, त्यावर डबा. गॅसकेट आणि शिट्टी दोन्ही काढलेली हवी. दहा मिनिटं गरम करून मग मंद आच. वेळ ओव्हनपेक्षा थोडा जास्त लागतो आणि वरून रंग येत नाही. कॅरमल आहेच. बेकरीत भाजून घेणार असाल तर पावाची पहिली भट्टी उतरून ती निवल्यावरची वेळ मागा. पावाच्या तापात हा केक बाहेरून जळतो, आतून कच्चा राहतो.

९. मेवा तळाशी बसला, केक मधे खचला, वर भेग पडली. कुठे चुकलं?

मेवा बसला: तो ओला होता किंवा मिश्रण पातळ होतं. चमच्यातून जड थेंब पडावा, धार नाही. मधे खचला: बेकिंग पावडर जास्त, किंवा पहिल्या तासात ओव्हन उघडला. वर भेग पडून घुमट आला: आच जास्त, १० अंश कमी करा. डब्यात मिश्रण ओतल्यावर चमच्याने मधे हलका खळगा केला तर वरचा भाग सपाट येतो. दुसऱ्या दिवशी कोरडा लागला: जास्त भाजला गेला. त्यावर उपाय आहे, काडीने भोकं पाडून दोन चमचे रम किंवा संत्र्याचा रस मुरवा.

१०. रम नको आणि अंडंही नको. मग?

रमऐवजी संत्र्याचा रस. मेवा १५० मिली रसात पाच मिनिटं उकळून, झाकून, रात्रभर ठेवा. रसातला मेवा महिनाभर ठेवता येत नाही, आंबतो. फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच.

अंड्याशिवाय करायचं तर प्रश्न ८ मधल्या प्रमाणातून नुसती अंडी वगळू नका. हे वेगळं प्रमाण घ्या: मैदा २०० ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, ताक १२५ मिली, बेकिंग पावडर एक चमचा, सोडा अर्धा चमचा, मेवा ३०० ग्रॅमच. जास्त मेव्याला आधार मिळत नाही. साखर वेगळी नको.

टिकण्याचं म्हणाल तर रमचा केक बटर पेपर आणि फॉइलमध्ये महिनाभर, आठवड्याला एक चमचा रम पाजत. रसाचा किंवा ताकाचा केक बाहेर चार दिवस. म्हणून तो २१ च्या आधी करू नका.

११. फराळ दिवाळीचाच की वेगळा? २५ घरांच्या ताटांना किती करायचा?

करंज्या, शंकरपाळ्या, लाडू, चिवडा, चकल्या सगळं तेच. वेगळेपण म्हणजे कुलकुल, आणि तेही गोव्याकडून किंवा मुंबईकडून आलेल्या घरांत जास्त. त्याचं प्रमाण: मैदा ५०० ग्रॅम, रवा १०० ग्रॅम, पिठीसाखर १२५ ग्रॅम, गरम तूप ५० ग्रॅम, नारळाचं दूध लागेल तसं, साधारण २०० मिली. तासभर मुरवून बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर दाबत गुंडाळायची. काटा नसेल तर नवाकोरा कंगवा. मंद आचेवर तळा. कडा सुटत असतील तर पीठ कोरडं आहे.

एका ताटात दोन करंज्या, एक लाडू, मूठभर चिवडा, तेवढ्याच शंकरपाळ्या आणि केकची एक फोड. २५ ताटांना एक किलो मैद्याच्या करंज्या (साठेक होतात, फुटलेल्या घरात खायच्या), एक किलोच्या शंकरपाळ्या आणि एक किलो पोह्यांचा चिवडा पुरतो. तळताना आधी गोड, मग चकल्या. उलट केलं की करंजीला तिखटाचा वास लागतो.

१२. शेजारी जैन, मुसलमान, लिंगायत सगळेच आहेत. ताट देताना काय सांभाळायचं?

कोल्हापुरात हा प्रश्न नाताळच्या प्रश्नांत सगळ्यांत महत्त्वाचा म्हणावा लागेल. जैन घरी अंडं नाही, कांदा-लसूण-बटाटा नाही. चिवड्यात लसूण टाकायची सवय असेल तर त्यांच्यापुरता आधी बाजूला काढा. केक द्यायचा तर प्रश्न १० मधला, वेगळ्या भांड्यात केलेला. खात्री नसेल तर केक न देता गूळ-शेंगदाण्याचे लाडू द्या, कुणालाच अवघड होत नाही. मुसलमान घरी रमचा केक देऊ नका, भाजल्यावर दारू उडून जाते हे कारणही सांगू नका. शाकाहारी घरी ताट देताना ‘यात अंडं नाही’ हे तोंडाने सांगा. विचारायला त्यांना संकोच वाटतो.

जेवायला बोलावताना आणखी एक बघा. डिसेंबरात अनेकदा मार्गशीर्ष असतो, आणि त्यातल्या गुरुवारी बायका उपवास करतात, घरात मांसाहार नसतो. कॅलेंडर पाहून दिवस ठरवा. रिकामं ताट परत येत नाही हे तर माहीतच आहे. त्यातून जे येईल ते त्याच दिवशी उघडा.

१३. नाताळच्या जेवणाला १० माणसं आहेत. मटण किती आणि पांढरा रस्सा फाटतो तो का?

हाडासकट दोन किलो. मुलं जास्त असतील तर पावणेदोनही चालतं. २५ ला सकाळी दुकानासमोर उभं राहण्यापेक्षा २२ ला सांगून ठेवा, आणि मांडी, चाप, नळी असं मिश्र मागा. मटण शिजताना अळणी पाणी साडेतीन लिटरच्या आसपास राहू द्या. तांबड्या आणि पांढऱ्या दोन्ही रश्शांचा पाया तेच आहे.

पांढरा फाटतो तो उकळीमुळे. दोन नारळांचं दाट दूध, ५० ग्रॅम काजू आणि दोन-दोन चमचे खसखस व तीळ यांचं वाटण अळणी पाण्यात घातल्यावर आच मंद ठेवून ढवळत राहायचं, वाफ आली की उतरायचं. दूध घालण्याआधी पाणी थोडं निवू द्या. पुन्हा गरम करतानाही उकळू नका. चर्चहून यायला उशीर होणार असेल तर वाटण आणि अळणी पाणी वेगळं ठेवा, आल्यावर एकत्र करा. लिंबू पानात पिळायचं, पातेल्यात नाही.

१४. गीतफेरी (नाताळची गीतं म्हणत घरोघर फिरणारा गट) आमच्याकडे येणार आहे. काय तयारी करायची?

मंडळीच्या तरुण संघाला माणसांचा आकडा आणि अंदाजे वेळ विचारा. बहुधा २० ते ३० जण असतात आणि एका घरी १५ मिनिटं. दोन गीतं, एक प्रार्थना. पेटी-ढोलकी-झांजा असतील तर पुढच्या खोलीतलं टीपॉय हलवा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची (१८६१–१९१९) भजनं अभंगाच्या चालीवर म्हणता येतात, त्यामुळे शेजारचेही टाळ धरतात. चहा थर्मासात, कप कागदी, खायला कोरडं. ते तुमच्या आधी सहा घरी खाऊन आलेले असतात, ताट भरू नका. पाकीट द्यायचं तर मंडळीच्या नावाने, हाती धरलेल्या वहीत नोंद करून. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक नको, तो नियमच आहे.

१५. आम्ही ख्रिस्ती नाही. उपासनेला आलं तर चालतं का?

चालतं, आणि आनंदच होतो. मागच्या बाकांवर बसा, उभं राहताना-बसताना इतरांकडे बघा. चपला बाहेर की आत, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. दारातल्या चपलांवरून कळतं. अर्पणाची पिशवी आली की न टाकताही पुढे देता येते. प्रभूभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) वेळी पुढे जायचं नाही, जागेवर शांत बसायचं. तो विधी त्या मंडळीच्या सभासदांचा असतो. फोटो काढायचा असेल तर उपासना संपल्यावर.

१६. घरात अकरा माणसं. सगळ्यांनी सगळ्यांना भेट देणं परवडत नाही.

चिठ्ठ्या काढा, प्रत्येकाने एकालाच द्यायचं. नेहमीचा घोळ म्हणजे स्वतःचीच चिठ्ठी येते किंवा नवऱ्याला बायकोची. त्यावर साधी युक्ती आहे. घराबाहेरच्या एका माणसाला सांगा. त्याने सगळ्या चिठ्ठ्या गोल मांडायच्या, नवरा-बायको शेजारी येणार नाहीत अशा. मग प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याला द्यायचं. तो ज्याला-त्याला फक्त एक नाव कळवतो.

रक्कम वरची आणि खालची दोन्ही ठरवा, समजा ३०० ते ५००. फक्त वरची ठरवली की कुणीतरी पन्नासाचा मग आणतं आणि वर्षभर विषय चालतो. कॉलेजातल्या मुलांना रकमेऐवजी काम लिहून द्यायची मुभा द्या: आजीचे जुने फोटो स्कॅन करून देणं, काकांचा माळा आवरणं. तारीख लिहिलेली हवी, नाहीतर ती चिठ्ठी पुढच्या नाताळला सापडते. एक जास्तीची भेट बांधून ठेवा. अचानक आलेल्या पाहुण्याच्या मुलासाठी ती लागतेच.

१७. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना कोल्हापुरी चप्पल द्यायची आहे. माप न विचारता घेता येते का?

नाही. मापाशिवाय घेतलेली चप्पल हमखास चुकते. त्यांना संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, कागदावर दोन्ही पावलांची बाह्यरेषा काढून फोटो पाठवायला सांगा, शेजारी पट्टी ठेवून. चामडं रुंदीला सैलावतं, लांबीला नाही. त्यामुळे पट्टा सुरुवातीला घट्ट चालतो, टाच बाहेर गेलेली चालत नाही.

घेताना तळ बघा. अस्सल चपलेचे थर चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळे किंवा रबरी तळ नसतो. कापशी, कुरुंदवाडी, पुकारी असे प्रकार आहेत. ऑफिसला घालायची तर पातळ कापशी. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना. तेव्हा अथणीची चप्पल नकली असं दुकानात भांडू नका.

भेटीसोबत चिठ्ठी घाला: पहिले आठ दिवस रोज तासभर, पट्ट्याला आतून रात्री एरंडेल, पाण्यात नाही, भिजली तर सावलीत वाळवा. उन्हात ठेवली की तळ वळतो.

१८. गूळ, काकवी, मसाला पार्सलने पाठवताना काय बिघडतं?

डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं चालू असण्याचे दिवस, गूळ ताजा मिळतो. पाच-दहा किलोच्या ढेपेपेक्षा एक किलोच्या भेली भेटीला बऱ्या. बटर पेपर, मग हवाबंद पिशवी. मुंबईच्या दमट हवेत गुळाला पाणी सुटतं. गडद रंगाचा, रसायनाशिवायचा गूळ लवकर मऊ पडतो, तो बिघडलेला नसतो, तसं कळवा. काकवीची बाटली गळ्यापर्यंत भरू नका, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घाला आणि बाटली उभी ठेवा. कांदा-लसूण मसाला दुहेरी पिशवीत, गुळापासून वेगळ्या डब्यात. एकत्र ठेवलेल्या गुळाचा चहा कुणी पीत नाही.

परदेशी पाठवताना त्या देशाचे अन्नपदार्थांचे नियम आधी बघा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्यात फार कडक आहेत, पदार्थ जाहीर करावेच लागतात. तिथल्या भेटीला खाण्यापेक्षा चांदीचं काही बरं. हुपरीची पैंजणं किंवा बाळाचे वाळे वजनाला हलके असतात. पावती सोबत हवी.

१९. मुलगा विचारतो, सांताक्लॉज खरा आहे का?

सात-आठ वर्षांच्या मुलाला खरी गोष्टच पुरेशी रंजक असते. निकोलस नावाचे बिशप चौथ्या शतकात मायरा इथे, आजच्या तुर्कस्तानात, होऊन गेले. गरिबांना गुपचूप मदत करण्याबद्दल त्यांची ख्याती. त्यांचा सण ६ डिसेंबरला. मग मुलालाच एकासाठी गुपचूप सांता व्हायला सांगा. मोठ्या भावंडांनी लहानग्यांना सांगून टाकू नये, एवढं मात्र आधी बजावा.

खेळण्यांचं म्हणाल तर तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे बारीक भाग असलेलं काही नको. बटण-सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं नसेल तर ते खेळणं घेऊच नका. गिळलेला सेल काही तासांत अन्ननलिका भाजतो.

२०. आजी-आजोबांना दरवर्षी शालच देतो. दुसरं काय?

मोठ्या टायपातलं बायबल किंवा गीतांचं पुस्तक, वाचनासाठी दिव्याचं भिंग, न घसरणारी बाथरूमची चटई, गरम पाण्याची पिशवी कापडी खोळीसकट. घोंगडी उबदार पण टोचते, खाली घालायला सुती पलंगपोस सोबत द्या. मोबाइल देणार असाल तर नंबर भरून, अक्षरं मोठी करून, आवाज वाढवून द्या. नुसता डबा दिला तर तो कपाटात जातो.

२१. घरकामाच्या मावशींना काय द्यावं?

पैसे, पाकिटात, २० तारखेच्या आत. त्यांनाही बाजार करायचा असतो. फराळ वेगळा. जुने कपडे ही भेट नव्हे.

२२. यंदा घरात दुःख झालं आहे. नाताळ करायचा की नाही?

धर्माचं बंधन नाही, रीत घरागणिक वेगळी. बहुतेक घरं त्या वर्षी तळण करत नाहीत, चांदणी लावत नाहीत, उपासनेला मात्र जातात. शेजारी आणि मंडळीतले लोक फराळ आणून देतात. तो परत करू नका. लहान मुलं असतील तर गोठा तेवढा मांडा. गीतफेरीला ‘येऊ नका’ म्हणण्यापेक्षा ‘एकच गीत, बिनवाद्याचं’ असं आधी कळवा.

२३. माहेरी नाताळ, सासरी नाही. सासूबाईंना न दुखावता काय करता येईल?

पहिल्या वर्षी एकच गोष्ट करा, आणि ती स्वयंपाकघराबाहेरची. चांदणी सगळ्यांत सोपी, कारण आकाशकंदील त्या घरात असतोच. लावण्याआधी सासूबाईंना विचारा, आणि कुठे टांगायची ते त्यांनाच ठरवू द्या. केक बिनअंड्याचा (प्रश्न १०). २४ ची रात्र किंवा २५ ची सकाळ यातली एकच वेळ माहेरी जायला मागा आणि परत यायची वेळ सांगून जा. येताना माहेरचा फराळ सासरच्या डब्यात आणा, म्हणजे डबा रिकामा परत द्यायचा प्रश्न दोन्हीकडे उरत नाही. नवऱ्याने मटणाची पिशवी घेऊन माहेरी यायचं की नाही, हे मात्र मार्गशीर्ष बघून ठरवा (प्रश्न १२).